दोन टीव्ही, दोन काठ

पांढुर्णा,
२ ऑगस्ट १९८९

प्रिय सुखदेव,

चौदा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटसुलट करशील आणि मग कुणी गेलं की काय म्हणून घाईनं फाडशील. कुणी गेलेलं नाही. तुझी माय ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून शाबूत आहे. तुझा इटारसीचा पत्ता तिनंच दिला, कसा ते शेवटी सांगतो. मी आहे तिथंच आहे, स्टेशन रोडवर, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात. एका डोळ्यानं तारांना कथलाचा डाग देतो आणि दोन डोळेवाल्यांपेक्षा बरा देतो, असं गिऱ्हाइकं म्हणतात. रेल्वेत लागल्यापासून तू नागपूरला कितीदा गेला-आलास कुणास ठाऊक, पण इथं एकदाही उतरला नाहीस. गाडी स्टेशनात शिरली की तू खिडकीची झडप पाडून घेतोस, हे मला एकानं नाही, तिघांनी सांगितलंय. मायला भेटायचं असलं की तिलाच तिकडे बोलावतोस. पोळ्याला तर तू नसतोसच.

बरं, बातमी अशी की सध्या माझ्या दुकानात कॉम्प्युटर आहे. माझा नाही. सौंसरला टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या मुकुंदनं आणला. आणला म्हणजे काय, एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्याच पोटात सगळं यंत्र, आणि तोंड म्हणून घरचा टीव्ही जोडायचा. क्लासात पोरं वीस आणि टीव्ही चौदा इंची. मागच्यांना पुढच्यांची डोकीच दिसायची. म्हणून मुकुंदला दोन टीव्ही हवे होते, एक या बाजूच्या बाकांसाठी, एक त्या बाजूच्या. अँटेनाची तार दोघांत वाटून द्यायची डबी असते, ती लावून मी ते काम अर्ध्या तासात उरकलं. पण सौंसरची वीज तुला माहीत आहे. दिवा जरा मिणमिणला की कॉम्प्युटर शिकलेलं सगळं विसरायचा. शेवटी स्टॅबिलायझर बनवून होईपर्यंत मी तो बसमधून मांडीवर घेऊन इकडे आणला. दिवसा मी त्यावर मुकुंदच्या पोरांच्या याद्या तयार करून कॅसेटवर उतरवतो. मुकुंद म्हणाला, याद्या ठीक आहेत, पण एखादा खेळही टाक, म्हणजे पोरं क्लासला टिकतील. सोबत इंग्रजी पुस्तक होतं. डिक्शनरी उशाशी घेऊन मी ते महिनाभर चावलं आणि खेळ केला.

आता पांढुर्ण्याचा माणूस कुठला खेळ करणार! मध्ये जाम नदी, नदीत पळसाचं झाड, झाडाला झेंडा. डावीकडे पांढुर्णा, उजवीकडे सावरगाव. बटण दाबलं की आपापल्या काठावरून गोटा सुटतो आणि मधला कुऱ्हाडवाला झेंडा तोडायला झाडाकडे सरकत राहतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांची दगडांची गोटमार आपण जन्मापासून पाहत आलो, तीच. माझी हौस अशी की डाव्या टीव्हीवर फक्त पांढुर्णा दिसावा आणि उजव्यावर फक्त सावरगाव, म्हणजे समोरचा कधी मारणार ते कळणार नाही. पण यंत्र एकच, ते दोन्हीकडे सारखंच चित्र पाठवतं. मग मी जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे कापले आणि प्रत्येक टीव्हीचा नको तो अर्धा भाग झाकून टाकला. मुकुंद पाहायला आला आणि पोट धरून हसला. म्हणाला, "येवढी मोठी मशीन आनली अन् शेवटी पुठ्ठाच कामी आला का बे!"

गंमत पुढेच आहे. दोन्ही टीव्ही शेजारी मांडून मी मध्ये बसलो, तर मला सावरगावचा काठ स्वच्छ दिसतो आणि आपला पांढुर्ण्याचा दिसतच नाही. डावा डोळा नाही ना! मान पूर्ण वळवावी तेव्हा आपलं गाव दिसतं. दोनचार दिवस मी हसलो. मग हसू येईनासं झालं.

पंच्याहत्तर सालची गोटमार तुला माझ्याहून जास्त आठवत असेल. मी झाडापर्यंत पोचलो होतो, तू तुमच्या सावरगावच्या काठावर होतास. गोटमारीत गोटा कुणाचा हे कुणी विचारत नाही, ती रीतच नाही. मलाही कुणी विचारलं नाही. पण तू नागपूरला इस्पितळात आलास आणि माझ्या खाटेशी बसून ढसाढसा रडलास, "मोरू, माहाच गोटा होता रे. म्या मारला अन् तू पडला." माझा थोरला भाऊ, प्रभाकरदादा, खाटेच्या पायथ्याशी उभा होता. मी पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे वळवलं. तुला वाटलं, मी माफ केलं नाही. महिनाभरात तू गाव सोडलंस.

आणि तेव्हापासून दर पोळ्याला तुझी माय पूल ओलांडून माझ्याकडे पुरणपोळीचं ताट आणते. ताट माझ्या उजव्या हाताला ठेवते, मला दिसावं म्हणून, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहते. तेरा ताटं झाली. मी चाटूनपुसून खाल्ली.

गेल्या रविवारी दुपारी प्रभाकरदादा डबा घेऊन दुकानात आला. मला खेळायला जोडीदार हवाच होता. त्याला डाव्या टीव्हीपुढं बसवलं, पांढुर्ण्याच्या काठावर, आणि मी सावरगाव घेतलं. दादानं दोनदा बटण दाबलं. दुसरा गोटा मधल्या माणसाला लागला, यंत्र पीं करून वाजलं आणि तो माणूस आडवा झाला. दादा ताडकन उठला. "मी नाही खेळून राहिलो या बाजूनं," म्हणाला. मग टीव्हीवर हात ठेवून म्हणाला, "तुले माहीत होतं?" मी हो म्हणालो. "मले वाटे, तुले माहीत नाही, मनून मी चूप होतो. मंग तू सुखदेवले काहून नाही सांगितलं?" डबा तसाच परत गेला.

सुखदेव, तुझा गोटा मला लागला नाही. त्या क्षणी पाण्यात कुणी घसरलं म्हणून मी मान वळवली होती. माझा उजवा गाल सावरगावकडे होता आणि डावा पांढुर्ण्याकडे. डाव्या डोळ्यानं मी शेवटचं पाहिलं ते आपल्याच काठावर दादाचा उगारलेला हात. त्यानं मारला होता तुमच्याकडे, लागला मला. दादा मास्तरकीला नुकताच लागला होता, घर त्याच्यावर होतं, आणि तू आपणहून दोष घेऊन आला होतास. मला तो सोयीचा वाटला. एवढंच. याहून चांगलं कारण मी चौदा वर्षं शोधतो आहे, सापडलं नाही. आज सकाळी मी पूल ओलांडून मायला हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग येवढ्या वर्साच्या पोया तू कोन्या तोंडानं खाल्ल्या रे?" मग तिनं फळीवरून तुझं पाकीट काढून पत्ता माझ्यापुढं टाकला. "माह्या सांगन्यानं तो नाही यायचा. तूच लिव." म्हणून हे पत्र. माफी मागायला मी तोंड वर करून इटारसीला येईनही, पण तुला तर इथं यायचंय, तुझ्या घरी. पोळा या महिनाअखेरीला आहे. दोन्ही टीव्हींचे पुठ्ठे मी काढून टाकलेत. यंदा माय ताट आणणार नाही, दादा आणि मीच तिच्या दारात येऊन बसणार आहोत, वाढलं तर जेवू. तू झडप पाडू नकोस. पांढुर्ण्याला गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात उतर.

तुझाच,
मोरू