फाटकाशी उभा असलेला माणूस

नोरेहाउन, ९ मार्च

ग्रेथे,

तू बरी असशील. सिलेचा पुढचा दात पडला. थंडी अजून हटत नाही. पत्राच्या सुरुवातीला एवढं लिहायचं असतं, ते लिहून झालं. समोरासमोर घरं असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझ्या दारात पाऊल टाकायची इच्छा नाही, म्हणून.

नगरपालिकेने माझा एकट्या आईचा भत्ता नोव्हेंबरात बंद केला, हे तुला ठाऊक आहेच. घरात पुरुष राहतो, असं त्यांचं म्हणणं. सुनावणीला तिघं बसली होती. मधल्या बाईंनी टेबलावर फोटो मांडले. दोरीवरचे माझे कपडे. सिलेची सायकल. न्हाणीघरातला दिवा. आणि फाटकाशी उभा असलेला, टोपी कानांवर ओढलेला एक माणूस.

"रोज सकाळी असा उभा असतो, घरमालकासारखा," बाई म्हणाल्या. "कोण हा?"

मी त्याच्याकडे बघतच नव्हते. फोटोच्या कडेला चिनी मातीच्या कुत्र्याचा कान आला होता. तुझ्या खिडकीतल्या कुत्र्याचा.

परत येताना तुला रस्त्यात गाठलं, तर म्हणालीस, "लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरतेस कशाला? भत्ता आमच्या करातूनच जातो." फोटो काढायला आलेल्या पालिकेच्या माणसाला तुझ्या खिडकीत बसवून कॉफीही पाजलीस का, असं विचारलं तेव्हा मात्र चिडलीस.

लपवण्यासारखं होतं, ग्रेथे. फाटकाशी तोर्बेन होता. तुझा भाऊ.

ऑक्टोबरात तो नॉर्वेहून पोटाचा कर्करोग घेऊन आला. आमच्या घटस्फोटाला सहा वर्षं झालेली, पण जायला त्याला दुसरं दार नव्हतं. अंगाने निम्मा उरला होता. तू ओळखलं नाहीस, याबद्दल मी तुला बोल लावत नाही. तुमच्या आईच्या दफनाच्या दिवशी तुमचं बिनसलं, ते तसंच राहिलेलं.

"ग्रेथेला सांगू नकोस," तो म्हणाला. "आजारपण पुढे करून समेट नको. जरा पायांत बळ येऊ दे, मीच जाऊन दार वाजवीन."

त्या उमेदीवर तो रोज फाटकापर्यंत जायचा. पुढे पाय उचलत नसत. मग तुझ्या खिडकीकडे बघत उभा राहायचा. एकदा आत येऊन म्हणाला, "पडदा हलला. तिने पाहिलं मला." त्या दिवशी त्याने वाडगाभर सूप संपवलं.

सुनावणीत मला तोंड उघडावं लागलं. "एका खोलीत झोपता?" बाईंनी विचारलं. हो म्हटलं, रात्री त्याला धाप लागते. त्याच्या पोटावरची शौचाची पिशवी कोण बदलतं, त्याला आंघोळ कोण घालतं, सगळं विचारलं. तिसरा माणूस लिहून घेत होता. जे त्याच्या सख्ख्या बहिणीला सांगायचं नव्हतं, ते मी तीन परक्यांना सांगितलं.

घरी आल्यावर तोर्बेनने विचारलं, "फोटो कुठून काढले त्यांनी?"

"रस्त्यावरच्या गाडीतून," मी म्हणाले.

भत्ता सुरू झाला. कळवताना तसदीबद्दल दिलगिरीची एक ओळही होती. तोवर तोर्बेन गेला होता. पडद्यामागे तूच होतीस, कॅमेरा नव्हता, असं तो शेवटपर्यंत धरून चालला. त्याचा तो समज मी मोडला नाही. ते तुला वाचवायला नव्हतं, त्याच्यासाठी होतं.

सिलेला यापुढे बोलावू नकोस, केकसाठीही नाही. तिला मी सगळं सांगितलंय. तुला पाहिलं की ती रस्ता बदलते, ते मी शिकवलेलं नाही.

राख आम्ही दोघींनी समुद्रात सोडली. तुला बोलावलं नाही, हा माझा निर्णय. कुठून सोडली, हे तू विचारशील, आणि विचारायचा हक्क तुला आहेही. तरी सांगणार नाही. एवढं तरी आमचं आमच्यापाशी राहू दे.

इथून पुढे फक्त समोरच्या घरात राहणारी,
लिस्बेट