मधली मोकळी जागा

लातूर, ६ जानेवारी २०२५

मुबी,

सलाम आणि जयभीम, दोन्ही, नेहमीसारखं. तुझ्या घरी खालांचे गुडघे कसे हायत? इकडं आई बरी हाय, आणि पोरांचे पेपर तपासून माझी मान मोडून गेली.

मेल सोडून पत्र का, असं म्हणशील. मेल मी आज सकाळी पाठवली, कर्नलवर काम करणाऱ्यांच्या सगळ्या यादीला दिसेल अशी. हे हाती पडेपर्यंत तू ती वाचून संतापलेली असशील. तिच्यात जे मावलं न्हाई ते इथं लिहून राहिले.

आधी पेपरातल्या फोटोचं. 'नांदेडच्या मुबश्शिराचा कोड लिनक्सच्या कर्नलमध्ये'. आईनं तो कापून कपाटाला चिकटवला. कर्नल म्हणजे काँप्युटरचा कारभारी, असं मी तिला समजावलं, तर म्हणाली, "ही तुझ्याच खोलीतली ना? मग तुझं कवा येणार?" वाईट मनानं न्हाई विचारलं तिनं. पण मी ताट सारून पेपर तपासायला बसले.

जळले मी, मुबी. लई जळले. हॉस्टेलात तुला प्रोग्रॅमिंगमधले पॉइंटर कुणी शिकवले? मी आजवर कर्नलसाठी पाच बदल पाठवले, पाचही परत आले. तुझा पहिलाच घेतला, आणि पुण्याच्या परिषदेत बोलायचं बोलावणंही तुलाच.

त्यानंतरचा तुझा हा दुसरा बदल तसा साधाच. नेटवर्कच्या त्या रचनेत दोन मोजणीचे खाने होते, एक येणाऱ्या माहितीचा, एक जाणाऱ्या माहितीचा, आणि मधे छप्पन्न बाइटची मोकळी जागा. ती का सोडली, हे सोडणाऱ्यानं लिहून ठेवलं नव्हतं. तुला ती फुकट गेलेली वाटली. तू खाने जवळ सरकवलेस, रचना आटोपशीर झाली. तपासायला माझ्याकडं पाठवलंस, कारण म्हणे लुंबिनीच्या नजरेतून काही सुटत न्हाई.

सुटलं न्हाईच. प्रोसेसर मेमरी सुटी सुटी उचलत न्हाई, चौसष्ट बाइटचा अख्खा तुकडा उचलतो, हे तुला काय सांगायचं? आता दोन्ही खाने एकाच तुकड्यात आले, आणि एकात लिहिणारा प्रोसेसरचा कोर दुसऱ्या कोरच्या हातातून तुकडा हिसकून घेतो. तुझ्या चार कोरच्या लॅपटॉपवर ते दिसत न्हाई. आमच्या लॅबातल्या बत्तीस कोरच्या सर्व्हरवर मी त्याच दुपारी मोजलं. वेग एक तृतीयांशानं खाली.

मला आपलं हॉस्टेलचं कपाट आठवलं. एका कप्प्यात दोघींचे कपडे, मी एक ओढला की तुझे चार खाली. मधे पुठ्ठा उभा करणारी तूच होतीस. तुलाच हे कळू नये, याचं मला हसू आलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग मी 'तपासलं, योग्य आहे' असं लिहून खाली माझं नाव दिलं. चुकून न्हाई, घाईत न्हाई. म्हटलं, पडू दे बाहेर. मोठमोठ्या मशिनी रखडू देत, मग बघू पेपरवाले कुणाचा फोटो छापतात.

परवा तुझा फोन आला. भाषणाच्या शेवटी माझं नाव घेणार म्हणालीस. "तू तपासलं नसतंस तर मी पाठवलंच नसतं गं." मी हाव हाव म्हणत फोन ठेवून दिला. त्यानंतरचे तुझे फोन उचलले न्हाईत ते त्यामुळं.

रविवारी कर्नलची नवी आवृत्ती तुझ्या बदलासकट निघून राहिली. म्हणून आज कळवलं की माझी तपासणी मागे घेते, आकडे सोबत हायत, आणि हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, मी लपवलं. आमच्या विभागाचे शेषेराव सर म्हणाले, शेवटचं वाक्य गाळ, न्हाईतर तुझ्या तपासणीवर पुन्हा कुणी भरवसा ठेवणार न्हाई. गाळलं न्हाई.

दुरुस्ती मी केलेली न्हाई. दोन ओळींचं काम, हात शिवशिवत होते. पण केली असती तर नाव लागावं म्हणूनच केली असती. ती तूच कर. जागा परत सोड, आणि या खेपेला कारणही लिहून ठेव. तपासायला दुसरं कुणी बघ.

अजूनही जळतेच मी. पण फोटो कपाटावर हाय, आई काढायला लागली तर म्हटलं राहू दे.

खालांना सलाम सांग. सहीच्या आधी दर वेळी 'तुझीच' लिहायचे, आज तेवढी जागा मोकळी सोडलीय. तिथं काय यायचं ते तू ठरव.

............

लुंबिनी