पडून उठलेला कुत्रा

सर, आज सकाळी आमचा कुत्रा अंगणात कोसळला आणि थोड्या वेळानं आपला आपण उठला. मुलीनं नोकरीसाठी नाशिकला जाताना माझ्याकडं ठेवलेला अल्सेशियन आहे, आता उतारवयाकडं झुकलेला. उठल्यावर त्यानं दूध-पोळी चाटूनपुसून खाल्ली, फाटकाशी जाऊन पेपरवाल्यावर भुंकून आला, आणि आमच्या हिनं निकाल देऊन टाकला, "कालचं ऊन बाधलं असेल." सावेडीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांचं तेच मत आहे. मी मात्र कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की हे पत्र कुठं टाकायचं हा प्रश्नच नाही. पण हे बोलायला तुमच्याशिवाय दुसरं माणूस मला सुचेना.

तुम्हाला सुप्याजवळची ती दुष्काळातली छावणी आठवत असेल. मी जनावरांचा डॉक्टर होऊन कॉलेजातून नुकताच बाहेर पडून तुमच्या हाताखाली आलो होतो, पदवीची शाई वाळायची होती आणि ताठा मात्र पुरेपूर. सकाळपासून आपण बैल तपासत होतो. नाकातोंडात कडब्याचा भुगा, टँकरपाशी हंड्यांची भांडणं, हाडं वर आलेली जनावरं. अशा दिवसांत कुत्र्याकडं कोण बघणार? बैलजोडी घेऊन आलेल्या त्या बाईंच्या मागं त्यांचा कुत्रा आला होता, एवढंच. मुलगा फौजेत, त्यानं भिंगारच्या एका साहेबाकडून पिल्लू आणून आईच्या हवाली केलेलं. बाई तुम्हाला कौतुकानं सांगत होत्या, "परवा सांच्याला पडलं हुतं बगा. पाय ताठ, जिभंचा रंगच गेल्ता. मी मीठ-मव्हऱ्या उतरवल्या, मिरच्या चुलीत टाकल्या, तर ठसका म्हनून न्हाई! लई वंगाळ दिष्ट. सकाळच्याला उठून भाकर खाल्ली की यानं." मी हसलो आणि शहाणपणा दाखवला, "ऊन लागलं असेल, सर."

तुम्ही हातातला बैल सोडता. खाली बसता, कुत्र्याचा ओठ वर करता. बाईंना म्हणता, "मावशी, तुमच्या अंगठ्याचं नख दाबा. पांढरं झालं? आता सोडा. आलं ना लगेच लाल? तसंच याच्या हिरडीवर करा." त्या दाबतात, सोडतात, वाट बघतात. मग डोळे बारीक करून आणखी वाकतात. "आगं बया, हिच्यात रगातच न्हाई." आणि तिथंच मातीत बसतात. माझ्याकडं न बघता तुम्ही जे बोललात ते मला चारचौघांत चांगलंच झोंबलं होतं: "जनावर पडलं की सगळं गाव कारण शोधतं. उठलं की कुणी शोधत नाही. तुम्ही डॉक्टर आहात ना? मग उठल्यावर शोधा."

उंदराचं औषध खाल्लंय का, कुठं मार लागलाय का, सगळं तुम्ही विचारून घेतलंत. पोटावर एका बाजूनं टिचकी मारून दुसऱ्या बाजूला हात ठेवलात, आतलं पाणी हाताला लागलं. स्टोव्हवर सुई उकळून पोटात घातली तर सिरिंजमध्ये रक्त आलं. ते बाटलीत भरून गव्हाणीच्या कडेला ठेवलंत आणि चहा मागवलात. चहा संपला तरी रक्त गोठलं नव्हतं, म्हणजे ते शिरेतलं नव्हे, पोटात आधीच सांडलेलं होतं. मग तुम्ही मला बाजूला घेऊन समजावलंत. पांथरीवर, म्हणजे प्लीहेवर, रक्तवाहिन्यांचीच गाठ धरते, ती फुटते, रक्त पोटात सांडतं आणि कुत्रा पडतो. सांडलेलं रक्त हळूहळू अंगात परत जिरतं आणि कुत्रा उठतो. म्हणून हा आजार सापडत नाही, दृष्ट काढणाराही जिंकतो आणि टॉनिक देणारा डॉक्टरही. "पोट उघडल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही," असंही म्हणालात. पण बाईंना तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत, की मुलाला बोलवायचं तर आज बोलवा, कुत्रा उठून बसलाय तेव्हाच. पुन्हा पडला तर उठेलच असं नाही.

"पर कुत्र्यापायी रजा कोन देनार?" बाई म्हणाल्या. मग त्यांनीच डोळे पुसत तोड काढली. "माजं नाव घाला की. म्हातारी लई शिरीयस हाय म्हना." तशी तार झाली. मुलगा रात्रंदिवस प्रवास करून, तोंडचं पाणी पळालेला, छावणीत येऊन थडकला तेव्हा त्याची शिरीयस आई कडब्याच्या पेंढीवरून शेजारणीशी तावातावानं भांडत होती. तो असा काही भडकला की विचारू नका. तेवढ्यात कुत्र्यानं त्याला बघितलं आणि तो त्याच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिला. पुढचं सांगायची गरज नाही. रजा संपायच्या आत कुत्रा पुन्हा पडला, त्याच्याच मांडीवर डोकं ठेवून गेला. मुलाच्या परवानगीनं तुम्ही पोट उघडून मला दाखवलंत. पांथरीवर मोठ्या कांद्याएवढी काळपट लाल गाठ, एका बाजूनं फुटलेली. मग तुम्ही जिवंत जनावराचं शिवावं तसं नीटस शिवलंत, पुसून घेतलंत, आणि मगच बाईंना त्याच्यावर घोंगडी घालू दिलीत. जाताना बाई तुमच्या पायाशी वाकल्या. "माज्या लेकराची अन् त्याची गाठ पडली, डाक्टर," एवढंच म्हणाल्या.

सर, आयुष्यभर मी पडून उठलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या हिरडीला पहिला हात लावला. त्यातली थोडी कुत्री वाचली, बरीचशी नाही वाचली, पण त्यांच्या माणसांना वेळेत कळलं. लोक मला दुवा देत, मी तो तुमच्या नावानं घेत असे. आता नगरमध्ये सोनोग्राफी होते, पांथरी काढतात, काही महिने हाती लागतात. तरी पडून उठलेल्या कुत्र्याला मशीनपर्यंत न्यायचं कुणाला तरी सुचावं लागतंच. ते सुचणं मला तुमच्याकडून मिळालं, आणि त्याचे आभार तोंडानं मानायचे माझ्याकडून राहून गेले. ते आज मानतो.

मुलीला काय सांगावं याचा विचार करतोय. त्या बाईंसारखं माझंच नाव पुढं करावं, असंही मनात येऊन गेलं. कुत्रा इथं माझ्या खुर्चीपाशीच पडलाय आणि शेपटी हलवतोय. एक सांगायचं राहिलं, सर. हिरडी मी सकाळीच दाबून बघितली. तेव्हापासून फोन करायचं टाळत हे लिहीत बसलोय. आता करतो.