डोंगरावरचा रविवार

रविवार, २३ जून

प्रिय ताई,

प्रभूत सप्रेम सलाम. इकडे सगळं ठीक. कारखान्यात तंबूंचं काम जोरात आहे, जाड कापडाच्या सुईने माझ्या बोटांची पार चाळण केलीय. आईचा खोकला गेला, भूकही चांगली लागते. तू विचारलेलं तेवढं मागच्या पत्रात लिहायचं राहून गेलं. राहून कसलं, टाळलंच मी.

तू आली होतीस त्या रविवारी आईने आपल्या दोघींना नावाने हाक मारली ना, तो रविवार मी सोडायलाच तयार नाही. दर आठवड्याला तिला तोच निळा स्वेटर घालते, खिडकीपाशी तीच खुर्ची ठेवते आणि बायबलमधला डोंगरावरचा तोच पाठ वाचते. येशूचा चेहरा उजळतो आणि त्याचा शिष्य पेत्र म्हणतो, आपण इथेच राहू, मी तीन मंडप उभारतो. तेव्हा तू म्हणाली होतीस, "ऑर्डर आपल्याच कारखान्याला आली असती," आणि आई केवढी हसली होती. मी तुझा तो विनोदसुद्धा दर रविवारी करते गं. कोणी हसत नाही. तेव्हापासून तिने मला एकदाही ओळखलेलं नाही, ताई.

आज पेत्र मंडपांपर्यंत आला आणि आईने पुस्तकावर हात ठेवला.

"त्याला म्हणावं आता खाली उतर. जेवायची वेळ झाली."

मला रडू यायला हवं होतं, पण हसूच फुटलं. मग तीही हसायला लागली. मी पुस्तक मिटलं, खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली आणि दोघी मटार सोलायला बसलो. स्वेटरही काढला. उकाड्यात बिचारी किती दिवस तो घालून बसत होती, माझं डोकं कुठे गेलं होतं कोण जाणे.

सोलता सोलता तिचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. हात हातात घेऊन तिने हळूच फुंकर घातली.

"माझ्या धाकटीचीही अशीच होतात," म्हणाली. "वेंधळी आहे, पण गुणाची आहे हो पोर. तुम्ही उद्या याल ना?"

येईन म्हटलं. मटार छान झाले होते, तिने दोनदा मागून घेतले.

तुझी,
वेंधळी पण गुणाची
धाकटी