भूकंपानंतर जन्मलेली

प्रिय आई,
तुला आणि अप्पांना पुण्याहून नमस्कार.

मी बरी आहे. मेसचं जेवण आता अंगी लागतंय. अप्पांचा गुडघा कसा आहे? एवढ्या थंडीत तू अजून अंगणातच झोपतेस का?

एम.ए.च्या प्रबंधाचा विषय ठरवायचा होता. आमच्या विभागात शेती, समाज, भूगर्भ असं सगळं एकत्रच शिकवतात. मी आपल्या बेंबळी गावची ज्वारी घेणार होते. पण परवा भूकंपात घर कसं हलतं ते दाखवायला प्रयोगशाळेत एक यंत्र सुरू केलं. त्यावरचं मातीचं छोटं घर थरथरलं आणि मी अनवाणीच बाहेर पळाले. सगळे हसले. आम्हाला शिकवणाऱ्या देवश्रीमॅडम तेवढ्या मागोमाग आल्या.

"किल्लारीच्या भूकंपात तू होतीस?"

"नाही मॅडम, माझा जन्म नंतरचा. आई होती."

त्यांनी माझ्या चपला आणून दिल्या. मग म्हणाल्या, "यावर लिहिशील? पण आधी आईला विचार."

फोनवर मला हे विचारता आलं नसतं. नंतर जन्मलेल्या आमच्यात ही भीती कशी आली, ते मला शोधायचंय. त्यासाठी तुला भूकंपात गेलेल्या धाकट्या मावशीबद्दल विचारावं लागेल. घरात तिचा विषय कुणी काढत न्हाय. मामा एकदा बोलून गेला, की तिचंच नाव मला ठेवलंय. म्हणून तू मला नुसतं 'पोरी' म्हणतेस का?

तू नको म्हणालीस तर मी ज्वारीच घेईन, रागावणार न्हाय. पण हो म्हणालीस, तर सुट्टीत घरी आल्यावर मला एकदा नावानं हाक मार.

तुझीच,
महेश्वरी