सुमनची जट

मंगळवार, संध्याकाळ

आज सुमन, माझी धाकटी बहीण, उमरेडहून आली. सासू गावाला गेली म्हणून जमलं, नाहीतर तिला येऊ कोण देतं? मी हिंगण्याच्या कंपनीत सुट्टी टाकली होती. चार वर्षांपूर्वी पोरगी झाली, त्या बाळंतपणानंतर ती तापानं अंथरुणात पडून होती, तेव्हा केसांची जट झाली. सासू म्हणाली, देवी आली, हात लावायचा नाही. तेव्हापासून सुमन मान वाकडी करून चालते.

एरंडेल आणि खोबरेल कोमट करून जट भिजवली. दुपारभर बोटांनी एकेक बट मोकळी करत बसले. अर्धी सुटली. खाली कातडी लाल, ओली. इतकी वर्षं हे कोणालाच दिसलं नाही?

सुमन रडत म्हणाली, "ताई, मान हलकी वाटून राहिली वं."

तेवढ्यात तिच्या नवऱ्याचा फोन. शेजारणीनं सांगितलं असेल. "जटेले हात लावला काय? आत्ताच्या आत्ता ये. नाही तर पोरीचं तोंड पाहाले भेटणार नाही."

मी म्हटलं, "थांब वं, उरलेली सोडवते."

"पोरगी तिकडे आहे, ताई."

तेल निथळत्या केसांवर ओढणी गुंडाळून ती बस धरायला गेली. मान पुन्हा वाकडी. अडवायला हवं होतं? अडवून पुढे काय केलं असतं मी?

आत्ता फोन केला. नवऱ्यानं स्पीकरवर टाकला. मागे आरती चालली होती.

"कशी आहेस?"

"बरी आहे. देवीची जट आहे, ताई. मीच चुकली." पाठ केल्यासारखं बोलली. मग म्हणाली, "तू आता येऊ नको."