गाडी कोण चालवणार

प्रिय दादा,

बाबांची जुनी स्पोर्ट्स कार नव्याने बांधायला काढलीये. इंजिन, ब्रेक सगळं नवं, बाहेरून मात्र तीच लाल गाडी. आज मेकॅनिक गॅरेजच्या फरशीवर खडूने आराखडा काढत होता. वहिनी आणि मी बाजूला उभ्या. तो म्हणाला, "दादांसाठी शेजारची सीट ऐसपैस करू ना?" वहिनीने लगेच मान डोलावली.

माझं डोकंच फिरलं. अपघातात तुझा डावा पाय गेला, तेव्हापासून सगळ्यांनी तुला शेजारच्या सीटवर बसवून टाकलंय. आणि तूही निमूट बसतोस! मला गाडी शिकवताना केवढा खेकसायचास.

मी खडू घेतला आणि डाव्या पायाचं ते क्लचचं पेडल खोडून टाकलं. "क्लच हाताने दाबायचा. गिअरच्या दांड्यालाच बसवा."

"मग तुम्हाला चालवायला जमेल का, ताई?"

"मी कुठे चालवणारे?"

वहिनीने खोडलेलं पेडल चपलेने नीट पुसून टाकलं.

हे पत्र टाकणार नाही. "माझ्यासाठी काही करू नका" म्हणून घर डोक्यावर घेशील. त्यापेक्षा गाडी दारात लावीन, शेजारच्या सीटवर सरकीन आणि तू खाली येईपर्यंत हात लांबवून हॉर्न वाजवत बसेन.

तुझ्याइतकीच हट्टी,
बारकी